रंगीत लेखण्या

जनावरांनीही पोरं शाळेत घालायला सुरुवात केली, त्या काळची ही गोष्ट. एका डोंगरात एक साळिंदरीण राहायची. घरात कंद बेताचेच, पण ऐट मोठी. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ती लेकीला, रेवूला, घेऊन माकडाच्या दुकानाकडे निघाली.

शेजारची सशीण झाडाखाली पडलेली पिसं वेचून पोरांसाठी लेखण्या करत बसली होती. साळिंदरणीनं नाक मुरडलं. "असलं फुकटातलं आमच्याकडे चालत नाही हो!"

माकडानं लाल-निळ्या लेखण्या पुढे केल्या. "खास परमुलखातल्या आहेत, वहिनी." साळिंदरणीनं पावसाळ्यासाठी साठवलेले सगळे कंद त्याला देऊन टाकले.

वाटेत रेवूनं एक लेखणी तोंडात धरली, तर रंग जिभेवर उतरला. "आई, हे तर तुझेच गळलेले काटे आहेत!"

"गप्प बस! आणि ती जीभ आत घे, लोक काय म्हणतील?"

त्या रात्री रेवू उपाशी झोपली. सकाळी माकड त्यांच्या दारात हजर. पडलेले काटे ते खराट्यानं गोळा करत होतं. साळिंदरीण सशिणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बघ रेवू, चांगल्या गिऱ्हाइकाचं अंगणसुद्धा दुकानदार झाडून देतो!"