गोदाक्काचं विरजण

"...म्हणजे आता तुझ्यावर कुणाचंच ऋण नाही?" अचलबुवांनी विचारलं.

"कुणाचंच नाही, महाराज." विसाजी ताठ बसून म्हणाला.

दीक्षा घ्यायची तर आधी ऋणातून मोकळं व्हावं, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. म्हणून घरचं सगळं देणंघेणं मिटवूनच तो मठात आला होता, आणि त्याची ऐट काही लपत नव्हती.

"मी पैशांचं विचारत नाही."

"पैशांशिवाय ऋण कसलं?"

बुवांनी चुलीवरचं दूध उतरवलं. दह्याचं गाडगं पालथं करून दाखवलं... रिकामं.

"शेजारच्या गोदाक्काकडून विरजण मागून आण. चमचाभर पुरे."

विसाजी वाटी घेऊन गेला आणि रिकामीच वाटी घेऊन परत आला. तोंड एवढंसं झालं होतं.

"दिलं नाही?"

"दिलं होतं. मी म्हटलं, उद्या दुप्पट दही आणून देतो, कुणाचं ठेवून घ्यायची मला सवय नाही. तर म्हातारीने वाटीतलं पुन्हा गाडग्यात ओतलं! म्हणाली, 'इरजान परत करत्यात व्हय रं? कुठल्या गावचा तू?'"

बुवा खो खो हसले. विसाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"दुसरं घर बघू?"

"तेच घर."

...

विसाजी पुन्हा त्याच दारात उभा राहिला. बरंच काही ओठांवर आलं, ते त्याने गिळलं. नुसती वाटी पुढे केली.

"अक्का, थोडं विरजण द्या."

गोदाक्काने चमचाभर दही वाटीत घातलं.

"घे. कवाबी मागत जा, लेकरा."

एवढ्या मिशांच्या गड्याला लेकरू म्हणणारं बऱ्याच वर्षांत कुणी भेटलं नव्हतं. मठाकडे येताना त्याला फार बरं वाटत होतं, आणि का, ते सांगता येत नव्हतं.

कोमट दुधात विरजण घालून त्याने ढवळलं. वर झाकण ठेवलं.

"महाराज, हे ऋण फेडायचं कसं?" त्याने विचारलं... आणि विचारता विचारता स्वतःच हसला.

बुवांनी शेजारची जागा हाताने झाडली.

"ये, बैस. आता मी तुला काही देऊ शकेन."