सोनवळची अत्तरवाली आवडाक्का

सोनवळच्या खाडीत मोठी गलबतं शिरायची आणि काठावर सुरंगीची झाडं इतकी दाट होती की फुलोऱ्याच्या दिवसांत तांडेलांना गाव दिसायच्या आधी वासावरून कळायचं, त्या काळातली ही हकीकत. आज हयात असलेल्या कुणी ती पाहिलेली नाही. पण सोनवळात ठाऊक नाही असंही कुणी नाही.

त्या गावात आवडाक्का नावाची बाई सुरंगीचं अत्तर काढायची. तांब्याच्या भांड्यात फुलं उकळायची, वाफ वेळूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरवायची आणि ते तेल कुपीत भरून ठेवायची. बाई चणीनं बारीक, बोलायला हळू आणि जन्माची भित्री. वीज कडाडली की चुलीपाशी अंग चोरून बसायची. चार माणसं जमली की कडेला उभी राहायची. खोतांच्या अंगणात पाय टाकतानासुद्धा तिचं काळीज धडधडायचं, कारण तिची झोपडी खोतांच्याच जमिनीत होती.

असं म्हणतात, की तिचं अत्तर कुपीत असेपर्यंत निव्वळ सुरंगीचं असायचं. माणसाच्या अंगाला लागलं की बदलायचं. गावच्या सुईणीच्या हाताला लावलं तर कोमट दुधाचा वास यायचा. होडीवाला धाकू जगाशी भांडायचा, पण त्याच्या मनगटावर पिकल्या फणसाचा दरवळ सुटायचा, आणि मग लोक त्याच्या शिव्या हसून ऐकायचे. एका गोडबोल्या सावकाराच्या हातावर मात्र अत्तर लावल्याबरोबर गंजक्या लोखंडाचा वास आला. तेव्हापासून तो आक्का दिसली की वाट बदलायचा.

लोक विचारायचे, "आक्का, यात घालतेस तरी काय?"

"फुलं घालते," ती म्हणायची. "अत्तर माझं, वास ज्याचा त्याचा."

म्हणून तिच्या अत्तराची गावाला ओढही होती आणि धास्तीही. कार्यात पाहुण्यांना अत्तर आक्कानंच लावायचं अशी रीत होती. पण तिच्यापुढे हात करायच्या आधी पुष्कळजण तो उपरण्याला पुसून घ्यायचे.

एकदा अण्णा खोतांच्या दुर्गीचा साखरपुडा ठरला. मुलगा पल्याडच्या तीरावरचा, रायाजी नावाचा. मोठं घर, भाताची कोठारं, बोलणं मधासारखं. बिजवर होता. पहिली बायको सगुणा तापानं गेली, असं त्यानं डोळे पुसत सांगितलं होतं. दुर्गीच्या आईलाही ते ऐकून रडू आलं होतं.

पाहुणे बसले. आक्का अत्तराचा फाया घेऊन एकेकापाशी जाऊ लागली. रायाजीनं हसत हात पुढे केला. तिनं फाया टेकवला आणि ती जागच्या जागी थिजली.

सुरंगी क्षणात विरली. कोंदट वास आला. शिळ्या भाताचा, उंदरांचा, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कोठाराचा. माणसाचं मन असं बंद असू शकतं, ते तिनं आधीही हुंगलं होतं. पण या वासाच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. घाम होता, श्वास होता. तो रायाजीचा नव्हता. तो बाईमाणसाचा होता, आणि जित्या बाईमाणसाचा होता.

आक्काच्या हातून फाया गळून पडला. शेजारच्यांनी नुसतं नाक मुरडलं. त्यांना वाटलं, अंगणात कुठं काही कुजलं असेल. दुर्गीला पाटावर आणून बसवलं. कुंकवाचा करंडा पुढे आला. आक्काच्या मनात एकच कालवाकालव. बोलावं आणि चुकीचं निघालं तर? पोरीचं नाव खराब होईल, खोत झोपडी मोडतील. आणि न बोलावं तर? त्या अंधारात कोण बसलंय, कधीपासून बसलंय?

तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला तो चिरकाच.

"अण्णा, थांबवा हे! पाहुण्यांच्या घरात कुणीतरी कोंडलेलं आहे. बाई आहे. जिवंत आहे."

सगळ्यांच्या माना पाहुण्यांकडे वळल्या. रायाजी मात्र हसला. "अहो, अत्तर नासलंय हिचं. खरं वाटत नसेल तर हिच्याच हाताला लावून बघा."

आवडाक्कानं आजवर स्वतःच्या हाताला अत्तर कधी लावलं नव्हतं. आपल्यात काय आहे ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते आता साऱ्या गावासमोर उघडं पडणार होतं. तरी तिनं कुपी मनगटावर उपडी केली.

जो वास सुटला तो साऱ्या अंगणाला आला. थंड, आंबट घामाचा वास. कुत्र्यांनी घेरलेल्या पाडसाच्या अंगाला येतो तसा. नुसतं भय. बायकांनी पोरांना जवळ ओढलं.

"बघा!" रायाजी ओरडला. "चोराच्या अंगाला येतो हा वास!"

तेव्हा पाटावरून दुर्गी उठली. असं म्हणतात, की तोवर तिचा आवाज तिच्या बापानंसुद्धा चढलेला ऐकला नव्हता.

"अण्णा, आक्का घाबरलीय. अत्तर तेच सांगतंय आणि ते खरं आहे. मग तिच्या हातावर जे खरं बोलतंय, ते यांच्या हातावर खोटं कसं बोलेल? आणि इतकी घाबरलेली बाई उगाच उभी राहील का?"

अण्णा खोतांनी कुंकवाचा करंडा मागे सारला. मग म्हणाले, "धाकू, होडी काढ. पाहुणे, तुमचं घर बघून येऊ. कुंकू नंतर."

"आता ओहोटी लागेल," रायाजी घाईनं म्हणाला. त्यानं तांब्याभर पाण्यानं हात धुतला, राखेनं घासला. जितका घासला तितका वास उग्र झाला.

असं म्हणतात, की त्या दिवशी खाडीचं पाणी ओसरायचं थांबलं. तो कोंदट वास पाण्यावरून धुरासारखा पुढे सरकत होता आणि होडी त्याच्या मागून चालली होती. आक्का होडीच्या टोकाला बसली होती. तिच्या मनात एकच धाकधूक. कोंदट वासाखालचा बाईमाणसाचा वास मघापेक्षा पुसट वाटत होता. आपण पोचेपर्यंत आतला श्वास टिकेल ना?

रायाजीच्या घराच्या मागच्या अंगाला शेवटचं कोठार होतं. "त्यात जुना भात आहे, किल्ली हरवलीय," तो म्हणाला. धाकूनं दार ठोठावलं. उत्तर नाही. पुन्हा ठोठावलं, तरी नाही. खोतांनी आक्काकडे पाहिलं. ती गुडघ्यावर बसली आणि दाराच्या फटीला तिनं नाक लावलं.

बराच वेळ ती तशीच होती. मग म्हणाली, "आहे. फोडा दार."

आत सगुणा होती. हाडांचा सापळा झालेली, उजेडानं डोळे झाकून घेणारी, पण जिवंत. एकदा तिनं रायाजीला उलट उत्तर दिलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

या धांदलीत रायाजी पळाला. असं म्हणतात, की तो ज्या गावी जायचा तिथं त्याच्या आधी त्याचा वास पोचायचा आणि दारं लागायची. दुर्गीनं पुढे आपल्या मनानं लग्न केलं. सगुणा आक्काच्या झोपडीत राहिली आणि अत्तर काढायला शिकली. त्या झोपडीची जमीन खोतांनी आक्काच्या नावानं सोडून दिली.

आक्काची भीती गेली का? नाही. ती मरेपर्यंत विजेला घाबरायची. पण तिला भित्री म्हणून कुणी हसलं नाही. ती गेली तेव्हा सुरंगीचा मोसम नव्हता. तरी झाडं बुंध्यापासून फुलली, असं म्हणतात.

आजही सोनवळात कुणाला चारचौघांत अवघड बोलायचं असलं, पंचांपुढे, सासऱ्यापुढे किंवा बापाला हे लग्न नको म्हणून सांगायचं असलं, की तो माणूस सुरंगीच्या अत्तराचा एक थेंब मनगटाला लावून उभा राहतो. त्याच्या भयाचा वास सगळ्यांना येतो. कुणी नाक मुरडत नाही. म्हातारी माणसं पोरांना खुणेनं गप्प करतात आणि म्हणतात, "आक्का उभी राहिलीय." मग बोलणारा कितीही अडखळो, त्याला मध्ये तोडायचं नाही. आवाज फुटेपर्यंत सारं गाव थांबतं.