धुरावरचा दिवा

विषय : महाराजांच्या मोटारीच्या नळीतून धुराबरोबर फुकट जाणारी उष्णता पकडून तिच्यावर दिवा लावणेबाबत.
संदर्भ : महाराजांचा तोंडी हुकूम, रागाच्या भरात दिलेला.

हुकूम असा : "पेट्रोल माझं, ते जाळून झालेली ऊब माझी, आणि ती खुशाल हवेत जाते? परत आणा! उद्या दिवेलागणीला फेरी निघेल तेव्हा तिच्यावर दिवा लागला पाहिजे. आमचा चेहरा रयतेला दिसला पाहिजे! नाहीतर ड्रायव्हर हत्तीखान्यात, शेण उचलायला!"

कुंभारखिंड संस्थानात मोटार एक आणि ड्रायव्हरही एक, हैबती. तो घरी येऊन भिंतीला टेकून बसला.

"आबा, महाराजांनी वीज करणारी पट्टी आणली होती ना?" त्याच्या लेकीने, भिवराने विचारलं.

"आणली की! त्या विकणाऱ्यानं धुराच्या नळीवर बसवली, दिवा लावून दाखवला, पैसे घेतले अन् गेला. त्याच्यामागं दिवाही गेला!"

भिवरा बापाला घेऊन मोटारखान्यात गेली. वाकून पाहते तो काय! पट्टीला जरीकाठी शाल गुंडाळलेली, आणि तिला करपल्याचा वास!

"ही कुणाची?"

"महाराजांची. दिवा लागला तसे खूश झाले, अन् पट्टीचा जागच्या जागी सत्कार केला. दिवाणसाहेब म्हणाले, बरं झालं, ऊबही आत राहील."

"आणि तो विकणारा काय सांगून गेला होता?"

"नळीकडचं अंग तापलं अन् बाहेरचं गार राहिलं, तर वीज होते म्हणे. तापायचं सगळ्यांच्या ध्यानात राहिलं. गार कोण ध्यानात ठेवतो!"

"मग शाल काढा!"

"खुळी का काय तू? महाराजांनी पांघरवलेली शाल उतरवली तर गादीचा अपमान! मागं शास्त्रीबुवांना अशीच शाल मिळाली, तर ते अख्खा वैशाख तिच्यात उकडून निघाले, पण काढली नाही."

"महाराजांनाच विचारा की."

"विचारलं. म्हणाले, दिलेला मान आम्ही परत घेत नसतो!"

भिवराने एकदा शाल चाचपून पाहिली. मग उठली आणि तडक महादेवाच्या देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला महाराज दिवाणांसह आले. हैबतीने मोटार सुरू केली. नळी तापली. दिवा आधी निखाऱ्यासारखा लाल झाला, मग लख्ख पेटला! महाराजांचा चेहरा उजळला, आतून आणि बाहेरून. इतक्यात मागे थेंब पडल्याचा आवाज आला. त्यांनी वाकून पाहिलं. पिंडीवर टांगतात तसली अभिषेकाची गळती मोटारीला टांगली होती आणि तिची धार थेट शालीवर!

"आमची शाल भिजवली? कुणी?"

"मी, महाराज," भिवरा पुढे आली. "काढली नाही, हलवली नाही. माठाला ओलं फडकं गुंडाळतात, तशी गार ठेवली."

"गार?" दिवाण कडाडले. "म्हणजे उष्णता वाया घालवलीस! दोन्ही अंगं तापली तर वीज दुप्पट होईल, एवढंही कळत नाही?"

"दिवाणसाहेब, उद्या दरबारात सगळेच महाराज झाले, तर मुजरा कोण कुणाला करील? एक वर बसतो, बाकीचे खाली वाकतात, म्हणून दरबार चालतो. तुम्ही पट्टीच्या दोन्ही अंगांना गादीवर बसवलंत!"

महाराजांच्या मिशा हलल्या. पण हट्ट तो हट्ट!

"ते असू दे. मानाच्या वस्त्रावर पाणी ओतलंस, हा अपमान नाही?"

"महाराज, आपण गादीवर बसलात त्या दिवशी सात नद्यांचं पाणी आपल्या डोक्यावर ओतलं. तो काय अपमान होता?"

दिवाणांनी डोळे मिटून घेतले. पण महाराज असे हसले, असे हसले की मोटारीपेक्षा तेच जास्त हादरले!

"अगं, आम्ही शाल नुसती पांघरवली होती, तू तिला राज्याभिषेक केलास! माग, काय हवं ते!"

"आबांची नोकरी राहू द्या. आणि मला मोटार चालवायची आहे."

"दिली! दोन्ही दिल्या! वर सोन्याचं कडं!"

"मोटारीसाठी लेखी अर्ज लागेल," दिवाण पुटपुटले.

भिवराने रीतसर अर्ज केला. 'ड्रायव्हरच्या पोशाखात फेटा आहे. तो बाईमाणसाने बांधावा काय, याचा खुलासा व्हावा,' असा शेरा दिवाणांनी त्यावर मारला. खुलासा आलेला नाही. दरम्यान मोटार भिवराच चालवते आणि हैबती मागे बसून गळतीत पाणी ओततो.

अर्ज विचाराधीन आहे.