यादी आणि तीन प्यादी

"…म्हणजे चाचा, माझ्या यादीत राहिलंय तरी काय?"

शंतनू बेहेरेने सात पानं सारंगचाचांच्या पुढ्यात ठेवली.

जपानी बुद्धिबळ, म्हणजे शोगी, शिकू पाहणाऱ्या इंग्रजी वाचकांसाठी त्याने ही यादी केली होती. पुस्तकं, व्हिडिओ, मोबाइलवरची अ‍ॅप्स, कोड्यांचे संग्रह, चाली दाखवणारे बाण छापलेल्या नवशिक्यांच्या सोंगट्या… एकशे चौदा नोंदी. ब्राझीलपासून फिनलंडपर्यंतची माणसं ती यादी वाचून त्याला 'सर' म्हणायची.

आणि सर स्वतः चार वर्षं एकाच पायरीवर अडकून पडले होते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हा खेळ आपल्याला येणारच नाही की काय, आपण नुसते याद्या करणारेच राहणार, ही भीती त्याला पुण्याहून बाणकोटला घेऊन आली होती.

चाचांचं नाव हुसेन. ते जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी जपानमधल्या कोबेच्या बंदरात आठ महिने पडून होतं. तिथल्या गोदीच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्यांना शोगी शिकवली. आता ते खाडीकाठच्या घरी, पडवीत जाळी विणत बसायचे.

"तुम्ही कुठल्या पुस्तकातून शिकलात?"

"मला वाचता येत नाय."

"मग तो पहारेकरी इंग्रजी बोलायचा?"

"नाय. मी पण नाय."

"मग शिकवलं कसं त्याने?"

चाचांनी हातातलं जाळं खाली ठेवलं आणि कोपऱ्यातला पट पुढे ओढला. पट डुगडुगत होता. त्यांनी यादीचं वरचं पान उचललं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि पटाच्या पायाखाली सारल्या.

"हां… आता बसला."

शंतनूला ते चांगलंच झोंबलं. पण गरज त्याची होती, म्हणून त्याने गिळून टाकलं.

दोघांनी वीस-वीस सोंगट्या मांडल्या. शोगीत सगळ्या सोंगट्या एकाच रंगाच्या. जिचं टोक समोरच्याकडे, ती आपली, एवढीच खूण.

मांडून झाल्यावर चाचांनी आपल्या सोंगट्या एकेक करून उचलायला सुरुवात केली आणि डबीत टाकल्या. पटावर त्यांचा राजा तेवढा उरला. तळहातावर तीन प्यादी.

"हे काय, चाचा?"

"माझी फौज."

शंतनूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अगदी नवख्याशी असा डाव खेळतात, हे त्याला यादीतल्याच तीन पुस्तकांतून ठाऊक होतं. म्हाताऱ्याला दहा चालींत गुंडाळायचं, असं ठरवून तो तुटून पडला.

तीच घाई नडली. मोठे मोहरे पुढे गेले आणि घर उघडं पडलं. चाचांनी हातातलं एक प्यादं अलगद त्याच्या दाराशी उतरवलं; शोगीत हातातली सोंगटी बहुतेक कुठल्याही रिकाम्या घरात उतरवता येते. त्या प्याद्याने एक मोहरा मारला. चाचांनी तो मोहरा उचलला, टोक फिरवलं आणि शंतनूवरच रोखून पुन्हा पटावर ठेवला. शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही, ती मारणाऱ्याची होते.

तासाभराने चाचांच्या बाजूला गर्दी झाली होती. राजा आणि तीन प्यादी सोडली, तर त्यातली एकूण एक सोंगटी शंतनूच्या फौजेतली.

आपल्या राजाला वाट उरली नाही, हे शंतनूने पाहिलं. मोबाइलवर खेळताना अशी वेळ आली की तो अ‍ॅप बंद करून टाकायचा. चार वर्षं हेच. इथे बंद करायला काही नव्हतं.

चाचा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते.

"झालं की, चाचा."

"नाय. अजून नाय झालं."

हरणाऱ्याने आपल्या तोंडाने सांगितल्याशिवाय डाव संपत नाही, ही शोगीची रीत. शंतनूला ती पाठ होती. तेव्हा म्हणायच्या शब्दाचा उच्चारसुद्धा त्याने यादीत जोडला होता. त्याने मान लववली आणि स्वच्छ म्हटलं,

"माकेमाशिता."

"हा त्या म्हाताऱ्याचा."

"…आय रिझाइन."

"हा सायबाचा." चाचा त्याच्याकडे बघत राहिले. "तुझा कुठाय?"

…

खाडीचं पाणी पायरीपर्यंत आलं होतं. शंतनूने तोंड उघडलं आणि मिटलं. तीन अक्षरांचा साधा शब्द, पण तो त्याच्या यादीत नव्हता. त्याला लाज वाटत होती, आणि ती फक्त या डावाची नव्हती.

"हरलो, चाचा."

चाचांचे हात गुडघ्यांवर तसेच होते.

"चार वर्षं हरतोय… कुणाला सांगितलं नाही."

तेव्हा चाचा वाकले. कपाळ पटाला टेकेल इतके खाली वाकले.

"मला त्याने हरलो म्हणायलाच पहिलं शिकवलं," ते म्हणाले. "सोंगट्या मागनं."

मग त्यांनी पट मोकळा केला, डबी पालथी केली आणि आपल्या बाजूला सोंगट्या मांडू लागले. राजा, त्याच्या दोन्ही अंगांचे मोहरे, प्याद्यांची रांग. पुऱ्या वीस.

शंतनू गोंधळला.

"तीन प्याद्यांपुढे हरलो मी. आणि आता तुम्ही सगळी फौज घेणार?"

"घेणार तर… आता समोर कुणीतरी बसलंय."