ढोलीबाहेरचा आवाज

फार पूर्वी चिंचेच्या ढोलीत एक साळुंकी पिलं घेऊन राहायची. रानाचा पहारा कोतवाल पक्ष्याकडे होता.

एका भरदुपारी खोडावर काहीतरी सरपटलं.

"कोतवालदादा, धावा!" साळुंकी ओरडली.

"आलोच!" बुंध्याशी आवाज आला.

तिनं पुन्हा हाक मारली.

"आलोच!" आवाज आता फांदीपाशी होता.

तिसरा "आलोच" थेट ढोलीच्या तोंडाशी आला. पिलं हरखली. साळुंकीच्या अंगावर मात्र काटा आला. कोतवाल उडत येतो. हा आवाज खोड चढून आला होता.

ती ढोलीच्या तोंडाशी दबा धरून बसली. एक डोकं आत शिरताच तिनं त्याच्या डोळ्यात चोच खुपसली. साप धप्पकन खाली पडला.

उन्हं कलल्यावर बाहेर कोतवालाचे पंख फडफडले. "आलोच!"

ढोलीत साळुंकी चोच रोखून बसली होती.