काढून ठेवलेलं दार

एकदा एक शिष्या एका वृद्ध गृहस्थांकडे फिनलंडची भाषा शिकायला जात असे. मिरजेसारख्या गावात ही भाषा शिकवणारा माणूस मिळणं हेच मुळात नवल. पण हे गृहस्थ, अप्पा, अठ्ठावीस वर्षं तिकडच्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होते आणि म्हातारपणी पत्नीला घेऊन परत आले होते. शिष्येचं नाव प्रणोती. नर्सिंग झालेली, कामाला चोख. फिनलंडमधल्या एका वृद्धाश्रमात तिची निवड झाली होती, फक्त भाषेची तोंडी परीक्षा उत्तीर्ण व्हायची होती. त्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर जागा दुसरीला जाणार होती.

त्यात मामांनी गावच्या स्टँडसमोर अभिनंदनाचा फ्लेक्स लावून टाकलेला. आपल्याकडे निकालाची वाट बघतो कोण? फोटोत प्रणोती हसत होती, मागे बर्फ पसरलेलं होतं आणि खाली चौदा शुभेच्छुकांची नावं होती. ती बिचारी त्या रस्त्याने जायचंच टाळत असे.

अप्पांनी पहिल्याच महिन्यात तिला एक वाक्य शिकवलं होतं. आपण म्हणतो, मी परिचारिका होईन. तिकडची माणसं म्हणतात, 'मिनुस्ता तुलेए होइताया', म्हणजे माझ्यातून परिचारिका येईल. प्रणोतीला तेव्हा हसू आलं होतं, जणू आत कोणी बिऱ्हाड करून राहिलंय. पण वाक्य पाठ झालं. पुढे डॉक्टर, शिक्षक, आई, जो शब्द द्यावा तो त्यात बसवून ती घडाघडा म्हणू लागली.

आतल्या खोलीत माई, म्हणजे अप्पांच्या पत्नी, अंथरुणाला खिळलेल्या होत्या. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. शिकवणी चालू असताना त्यांची दोन-तीनदा तरी हाक येई, कधी पाण्यासाठी, कधी कूस बदलून देण्यासाठी. अप्पा गुडघ्यांवर हात टेकून उठत, आत जात, पुन्हा येऊन बसत. प्रणोती तेवढ्या वेळात पुढचं पान वाचून घेई. असे आठ महिने गेले.

परीक्षा चार दिवसांवर आली तेव्हा मात्र तिला त्या हाकेचा त्रास होऊ लागला. त्या दुपारी अप्पा चहा ठेवायला गेले, तशी ती उठली आणि मधलं दार तिने अलगद लोटून घेतलं. कडी घातली नाही, नुसतं लोटलं. अप्पा कप घेऊन आले, दाराकडे एकदा पाहिलं आणि शिकवू लागले. त्या दुपारी एकदाही हाक आली नाही. अभ्यास छान झाला.

दुसऱ्या दिवशी ती आली तर मधलं दार जागेवर नव्हतं. ते बिजागऱ्यांसकट काढून अंगणातल्या भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. पंच्याहत्तरीच्या माणसाने एकट्याने सागवानी दार उतरवायचं म्हणजे काही चेष्टा नव्हे, अप्पांच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. वाळवी लागली होती का, असं तिने विचारलं. अप्पांनी तिला ते परिचारिकेचं वाक्य म्हणायला सांगितलं.

तिने ते अगदी तिकडच्या माणसासारखं म्हटलं. तेवढ्यात आतून माईंची हाक आली. प्रणोतीने आवाज चढवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अप्पांनी पुस्तक मिटलं.

"वाक्यात चूक नाही," ते म्हणाले. "तिकडे गेल्यावर दहा वर्षं मीही ते असंच अचूक म्हणत होतो. मग उमगलं, की ही माणसं असं बोलताना स्वतःला पुढे करत नाहीत. जे व्हायचं ते आतून चालत येतं, आपण त्याला वाट तेवढी द्यायची. काल तू दार लोटलंस. मला वाटलं, तुझ्यातली परिचारिका आता येणार कुठून? म्हणून दारच काढलं, पोरी."

प्रणोतीची कानशिलं तापली. रुग्णालयात घंटा वाजली की ती हातातला घास ठेवून धावत असे. तिथे ड्यूटी होती. इथे ड्यूटी नव्हती, म्हणून आठ महिने एक म्हातारी हाका मारत होती आणि ही म्हाताऱ्या माणसांच्या सेवेची भाषा पाठ करत बसली होती. ती उठून आत गेली, माईंच्या मानेखाली हात घातला आणि फुलपात्र त्यांच्या ओठांना लावलं. माई दोन फुलपात्रं पाणी प्यायल्या आणि उलट त्यांनाच संकोच वाटला.

"तुझी परीक्षा आहे ना गं," त्या म्हणाल्या. "काल दार लागलेलं दिसलं, म्हटलं पोरीचा अभ्यास चाललाय. मग नाही मारली हाक."

म्हणजे अख्खी दुपार त्या तहान दाबून पडून होत्या. प्रणोतीने पदराने त्यांची हनुवटी पुसली, पण त्यांच्या डोळ्यांकडे बघायचं धाडस तिचं झालं नाही. आयुष्यात दोनदा नापास झाल्याची लाज तिला वाटली होती. ही लाज त्याहून खोल होती, कारण हिला फेरपरीक्षा नव्हती.

उरलेल्या दुपारी तिने माईंच्या उशाशी बसून अभ्यास केला. मामांना सांगून फ्लेक्स उतरवून घेतला. परीक्षेत तिला तेच वाक्य आलं, आणि ते म्हणताना तिचा आवाज बारीक झाला. परीक्षकांना वाटलं, घाबरली असेल. त्यांनी तिला उत्तीर्ण केलं.

अप्पांकडचं ते दार अजून अंगणात भिंतीला टेकलेलं आहे.

हे लिहीत असताना पलीकडच्या खोलीतून माझ्या वडिलांनी मला दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा मी "आलो, आलो" म्हणालो आणि लिहीत राहिलो. तिसरी हाक अजून आलेली नाही. मी उठतो.