चंपीचे आईबाप आणा!

“चंपीचे आईबाप आणा, मगच चंपी मिळेल!” असं म्हणून न्यायाधीश भाऊशास्त्र्यांनी पोटावरून हात फिरवला. इतका सुंदर न्याय आपल्या तोंडून बाहेर पडला, याचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटत होतं.

समोर म्हाळू शिंपी आणि त्याची बायको आवडी उभी होती. आवडीच्या कडेवर तीन वर्षांची चंपी. पोरीचे आईबाप, शेजारचे विणकर, पटकीच्या साथीत दोघंही गेले. सगंसोयरं कोणी उरलं नाही. तेव्हापासून चंपी आवडीच्या कुशीत झोपायची आणि तिलाच आई म्हणायची. पोर रीतसर दत्तक मिळावी, एवढंच मागायला ते चांदवाडीच्या दरबारात आले होते.

“पण शास्त्रीबोवा, ते तर वारले!” म्हाळू कसाबसा म्हणाला.

“ते वारले, शास्त्र नाही वारलं! आईबापांनी पोर आपल्या हातानं ओटीत घालावं लागतं. देणारा नाही, तर दत्तक कसलं? पोर बेवारस. आणि बेवारस ते सरकारजमा!”

सरकारजमा म्हणजे काय, हे चांदवाडीत शेंबडं पोरही सांगू शके. सरकारजमा झालेली पोरं शास्त्रीबोवांच्या घरी जायची आणि भांडी घासता घासता मोठी व्हायची. शास्त्रीणबाईंची मोलकरीण नुकतीच पळून गेली होती, त्यामुळे या खेपेला शास्त्राला जरा जास्तच घाई होती.

“शास्त्रीबोवा म्हणतात तेच खरं!” गादीवरून सर्जेराव महाराज म्हणाले. एकदा उभी हललेली मान पुन्हा आडवी हलवायची नाही, हा त्यांचा बाणा. ते त्याला राजधर्म म्हणत, लोक हट्ट म्हणत.

आवडीनं चंपीला पदराखाली झाकून घेतलं. तिच्या पाठीशी चिमा कासारीण उभी होती. ती राणीसाहेबांना बांगड्या भरायला वाड्यात येई, दरबाराला बुजत नसे. या दोघांच्या तोंडून शब्द फुटणार नाही हे ओळखून ती मुद्दाम सोबत आली होती. आवडीचे डोळे पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“आणते, महाराज!” ती म्हणाली. “पुनवेच्या दरबारात चंपीचे आईबाप हजर करते. मग तर झालं?”

शास्त्रीबोवा खदखदा हसले. “मायबाप सरकार, फुटकी बांगडी सांधता येत नाही, आणि ही मेलेली माणसं उठवणार!”

“बांगड्या भरताना माणसाचा हात कळतो, शास्त्रीबोवा,” चिमा म्हणाली. “काही हात घेतानाच तेवढे मऊ होतात!”

बोलून तर बसली; पण घरी आल्यावर तिला काही सुचेना. पुनव जवळ येत चालली, आवडी रोज येऊन नुसती बघत बसायची. एके दिवशी राणीसाहेबांना बांगड्या भरताना बाहेर भालदाराचा पुकारा ऐकून चिमा एकदम खुदकन हसली.

“काय गं, काय झालं?” राणीसाहेबांनी विचारलं.

“काही नाही, आईसाहेब. हरवलेली माणसं सापडली!”

पुनवेला दरबार खचाखच भरला. मेलेली माणसं बघायला कोणाला आवडत नाही? चिमा आली ती म्हाळू, आवडी आणि चंपीला घेऊन. बाकी कोणी नाही.

“कुठे आहेत आईबाप?” शास्त्री गरजले.

“आलेत की! दरबारातच बसलेत. फक्त पोर ओटीत घालायला त्यांना गादीवरून खाली उतरावं लागेल.”

गादीवर एकच माणूस होता. महाराज लालबुंद झाले. “कासारणी! आमच्यावर आळ घेतेस? जीभ छाटून टाकू!”

“छाटा, महाराज. पण आधी या भालदाराला विचारा, आपण आत येताना त्यानं काय पुकारा केला?”

भालदार काठी सावरत म्हणाला, “रोजचाच... ‘मायबाप सरकार येताहेत, अदब राखा!’”

“ऐकलंत? ज्याला कोणी नाही, त्याचे मायबाप सरकार! भालदार म्हणतो, शिपाई म्हणतात, आम्ही रयत म्हणतो. शास्त्रीबोवा तर दर वाक्याला म्हणतात!”

“अगं मूर्ख बाई, ती बोलायची रीत आहे!” शास्त्री ओरडले.

“रीत? म्हणजे खरं नाही?” चिमानं डोळे मोठे केले. “महाराज, ऐका हो! शास्त्रीबोवा म्हणतात, आपण रयतेचे मायबाप नाहीच. ते इतकी वर्षं तोंडदेखलं खोटं बोलत होते!”

महाराजांनी मान वळवली. शास्त्रीबोवांनी लगबगीनं हात जोडले. “तसं... तसं नव्हे, महाराज!”

“मग आहेत का मायबाप? हो की नाही?”

“आ... आहेत!”

“झालं! न्यायाधीशांनीच निकाल दिला!”

शास्त्रीबोवा बुडत्यासारखे हातपाय मारू लागले. “बाप एक वेळ असतील! पण पुरुषमाणूस आई कसा होईल?”

“शास्त्रीबोवा, एवढे ग्रंथ वाचलेत आणि एक शब्द धड ऐकला नाहीत?” चिमा म्हणाली. “मायबाप! त्यात माय आधी येते, बाप मागून!”

मग महाराजांना असं हसू फुटलं की पगडी हातानं धरावी लागली. हसत हसतच ते गादीवरून उतरले, चंपीला उचललं आणि आपल्या हातानं आवडीच्या ओटीत घातलं. आवडीनं पोरीला असं घट्ट धरलं की पोर रडायलाच लागली.

“लेक दिली, आता तिला रिकाम्या हातानं कशी धाडू?” महाराज म्हणाले. चंपीला दुभती गाय आणि चांदीचे वाळे मिळाले. चिमाच्या हातात सोन्याचं कडं आलं, आणि वर हुकूम सुटला: यापुढे दत्तकाचा अर्ज आधी चिमा ऐकेल. निकाल ती सांगेल, शास्त्रीबोवांनी तो फक्त लिहून काढायचा!

शास्त्रीबोवांनी बोरू शाईत बुडवला. घाईत शाईचा टिपका कागदावर पडला.

“सावकाश, शास्त्रीबोवा,” चिमा म्हणाली. “पहिलं नाव लिहा: चंपी, म्हाळू शिंप्याची लेक. आणि अक्षर जरा सुवाच्य काढा!”

महाराजांना पुन्हा हसू फुटलं, आणि या खेपेला पगडी खाली पडली ती पडलीच.